महिला फुटबॉल लीग: इतिहास, वाटचाल आणि विदर्भातल्या गावात लीग चालवताना पडणारे प्रश्न

शाळांचे क्रीडाशिक्षक, गावातली मंडळं, बचत गटातल्या ताया आणि मुलींचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. इतिहास मुद्दाम आधी घेतला आहे. मोठ्या लीग जिथे अडखळल्या, तालुक्याची लीगही बहुधा तिथेच अडखळते.

आमच्याकडे दरवर्षी टूर्नामेंट होते. मग वेगळी लीग कशाला?

26 जानेवारीच्या आसपास गावात बाद पद्धतीची टूर्नामेंट होते. आठ संघ आले तर एकूण सामने सात, आणि चार संघ पहिलाच सामना हरून दुपारपर्यंत घरी. त्या संघांतल्या मुली वर्षभर सराव करून एकदाच खेळतात. त्याच आठ संघांची लीग घेतली तर 28 सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात सामने हमखास मिळतात. खेळ सामन्यातून सुधारतो. पहिल्या रविवारी सात गोल खाल्लेली गोलकीपर चौथ्या रविवारी कोन धरून पुढे येऊ लागते, पण त्यासाठी चौथा रविवार यावा लागतो.

रोख बक्षिसाचा मोह टाळा. बक्षीस मोठं झालं की बाहेरून खेळाडू आणले जातात आणि गावच्या मुली बाकावर बसतात. तोच पैसा बॉल, पाणी आणि प्रवासावर घाला.

सॉकर आणि फुटबॉल वेगळे आहेत का?

नाही. ‘असोसिएशन फुटबॉल’मधल्या असोसिएशनवरून इंग्लंडमध्येच ‘सॉकर’ हा शब्द निघाला. अमेरिकेत तो रूढ झाला, आपल्याकडे फुटबॉलच म्हणतात.

मुलींचं फुटबॉल हे अलीकडचं फॅड आहे, असं गावात म्हणतात. खरं काय?

शंभर वर्षांहून जुना खेळ आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये पुरुष लढाईवर गेले, बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या आणि कारखान्यांचे संघ निघाले. प्रेस्टन गावच्या डिक, कर कंपनीच्या बायकांचा संघ त्यातला सर्वांत नावाजलेला. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला सुमारे 53 हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना शोभत नाही असा ठराव करून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. पश्चिम जर्मनीत 1955 ते 1970 आणि ब्राझीलमध्ये 1941 ते 1979 असाच प्रकार होता.

तेव्हा ‘बायकांना फुटबॉल जमत नाही’ असं कुणी म्हटलं तर त्यांना हे सांगा. प्रेक्षक होते, खेळाडू होत्या, मैदान काढून घेतलं गेलं. फिफाचा पहिला महिला विश्वचषक 1991 साली चीनमध्ये झाला आणि त्यातले सामनेसुद्धा 90 नव्हे, 80 मिनिटांचे ठेवले होते.

भारतात सुरुवात कधी झाली?

1975 साली. त्या वर्षी महिलांची स्वतंत्र फुटबॉल महासंघटना निघाली आणि लखनौला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पाचच वर्षांत, 1980 ला कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत उपविजेता ठरला आणि 1983 ला बँकॉकमध्ये पुन्हा. त्याच वर्षी बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलला मिळालेला तो पहिला अर्जुन. नव्वदच्या दशकात कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. राज्याराज्यांची स्पर्धा सुरू राहिली आणि मणिपूरने ती सर्वाधिक वेळा जिंकली. या स्पर्धेच्या चषकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे.

पण वर्षातून एकदा राज्याचा संघ निवडायचा आणि पंधरवड्यात स्पर्धा आटपायची, बाकी वर्ष खेळाडूंनी घरी बसायचं, असं चाळीस वर्षं चाललं. आशियात दोनदा अंतिम फेरी गाठलेला देश मागे पडला, त्याला इतर कारणंही आहेत. आमच्या मते मुख्य कारण हेच.

इंडियन विमेन्स लीग कशी वाढली?

ही देशातली सर्वांत वरची महिला लीग. पहिल्या हंगामाची अंतिम फेरी जानेवारी-फेब्रुवारी 2017 मध्ये दिल्लीत झाली. सहा संघ, एकच मैदान, आणि तीनेक आठवड्यांत सगळं संपलं. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्सला 3-0 ने हरवलं. त्या सहात महाराष्ट्राचा एफसी पुणे सिटी होता. आणि एक संघ हरियाणाच्या भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा या खेड्याचा होता, जिथे शाळेच्या मैदानावर मुलींनी फुटबॉल सुरू केलं होतं. हे उदाहरण आपल्या सरपंचांना जरूर सांगावं.

2018 ला रायझिंग स्टुडंट्स, 2019 ला तमिळनाडूचा सेतू एफसी, मग 2020, 2022 आणि 2023 असे सलग तीन हंगाम गोकुळम केरळ विजेता. मधलं 2020-21 चं वर्ष कोरोनात गेलं. महाराष्ट्रातून एफसी कोल्हापूर सिटी आणि मुंबईचा केंकरे हेही या काळात खेळले.

खरा बदल 2023-24 मध्ये झाला. सात संघ, आणि प्रत्येकाने एकमेकांशी आपल्या घरच्या आणि समोरच्याच्या मैदानावर खेळायचं. त्या वर्षी ओडिशा एफसी जिंकला, दुसरी श्रेणीही सुरू झाली. 2024-25 ला आठ संघांत ईस्ट बंगाल पहिला आला. 2023 मध्ये महासंघाने प्रत्येक संघात किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3.2 लाख रुपये द्यावेत असं धोरणही जाहीर केलं. जुलै 2025 मध्ये भारतीय संघाने थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून 2026 च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ.

एक कडू प्रसंगही लक्षात ठेवावा. ऑगस्ट 2022 मध्ये प्रशासनाच्या वादामुळे फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. तेव्हा गोकुळमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या. त्यांना न खेळता परत यावं लागलं. कागद आणि पदाधिकाऱ्यांची भांडणं शेवटी खेळाडूलाच भोवतात, तालुक्यातसुद्धा.

परदेशातल्या श्रीमंत लीग बंद का पडल्या?

अमेरिकेत 1999 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला 90 हजारांवर प्रेक्षक होते. त्या जोरावर 2001 ला व्यावसायिक लीग निघाली. पाच वर्षांसाठी धरलेले सुमारे 4 कोटी डॉलर पहिल्याच हंगामात संपले आणि 2003 ला लीग बंद झाली. दुसरी 2009 ला आली, तीन हंगाम चालली. तिसरी, 2013 ची, टिकली. ती आठच संघांनी सुरू झाली आणि राष्ट्रीय खेळाडूंचा पगार सुरुवातीला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या महासंघांनी उचलला. इंग्लंडची सुपर लीगही 2011 ला आठ संघांवर सुरू झाली आणि पूर्ण व्यावसायिक व्हायला तिने 2018 पर्यंत वेळ घेतला.

पहिल्या वर्षी मंडप, डीजे, पाहुणे आणि ट्रॉफ्यांत वर्गणी संपवणाऱ्या लीगचं तेच होतं. दुसऱ्या वर्षाचे बॉल पहिल्या वर्षाच्या पैशातून घेऊन कपाटात ठेवा, मग पाहुणे बोलवा.

आमच्या तालुक्यात किती संघांनी सुरुवात करावी?

सहा. एका संघात सात जणी मैदानात आणि पाच बदली, म्हणजे बारा. एकूण 72 मुली. अकरा-अकराचा हट्ट सुरुवातीला धरू नका; एका गावातून सोळा मुली दर रविवारी जमत नाहीत, आणि मोठ्या मैदानावर नवख्या मुलींना बॉलच लागत नाही.

सहा संघांचे 15 सामने, पाच रविवार, दर रविवारी तीन. संघांना 1 ते 6 आकडे द्या आणि असं लावा:

पहिला रविवार: 1-6, 2-5, 3-4
दुसरा: 1-5, 6-4, 2-3
तिसरा: 1-4, 5-3, 6-2
चौथा: 1-3, 4-2, 5-6
पाचवा: 1-2, 3-6, 4-5

आकडे चिठ्ठ्या टाकून सर्वांसमोर द्या, नाहीतर ‘आम्हाला मुद्दाम पहिल्यांदा तगडा संघ दिला’ हे ऐकावं लागेल. पाच संघच मिळाले तर 6 च्या जागी सुट्टी धरा, वेळापत्रक तेच राहतं. जमलं तर हेच चक्र दुसऱ्यांदा फिरवा, दहा रविवारांचा हंगाम होतो.

20-20 मिनिटांचे दोन डाव, मध्ये 5 मिनिटं. एका सामन्याला तासभर धरा. डिसेंबरात साडेपाचलाच दिवस मावळतो, म्हणून पहिला सामना दोनला लागला पाहिजे. जिंकल्यास 3 गुण, बरोबरीत 1. बदली कितीही वेळा, बाहेर गेलेली मुलगी परत येऊ शकते.

हंगाम कोणत्या महिन्यांत घ्यावा?

याचं उत्तर पंचांगात नाही, वावरात आहे. जून-जुलैत पेरणी आणि निंदण. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोल्याकडे सोयाबीन निघालं की कापूस वेचणी सुरू होते आणि ती जानेवारीपर्यंत चालते. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, त्यामागे दहावीची. मार्चनंतर दुपारी खेळवणं धोक्याचं आहे आणि मे महिन्यात जंगलपट्टीतली घरं तेंदूपत्त्यावर असतात.

धानपट्ट्यात डिसेंबर ते जानेवारी अखेर हा काळ सरळ जमतो. कापूसपट्ट्यात अडचण अशी की वेचणी किलोवर असते आणि सुट्टीच्या दिवशी मुलगीही आईसोबत वेचायला जाते. तिचा रविवार घेणं म्हणजे घरची मजुरी घेणं. म्हणून तिथे सकाळची वेचणी होऊ द्या, सामने दुपारी दोनलाच ठेवा, आणि ज्या गावाचा आठवडी बाजार रविवारी असतो त्या गावाला त्या दिवशी यजमानपद देऊ नका. पूर्ण वेळापत्रक महिनाभर आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं की घरचे तेवढे पाच रविवार सोडायला तयार होतात. आयत्या वेळी बदललेली तारीख मात्र कुणीच माफ करत नाही.

प्रवासाचं काय?

मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. मानव विकासच्या बसवर रविवारी भिस्त ठेवू नका, ती शाळेच्या वेळापत्रकावर धावते. सर्वांत दूरच्या गावाचा सामना नेहमी पहिला लावा, म्हणजे मुली उजेडात घरी पोचतात. प्रत्येक संघासोबत एक तरी बाई असली पाहिजे, यात तडजोड नाही. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक मैदानावर मोठ्या अक्षरात लावा.

मैदान कसं आखायचं?

सात-सातच्या खेळाला 55 मीटर लांब, 37 मीटर रुंद जागा पुरते. लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर दुपारी एका गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य येतो.

काटकोन डोळ्यांनी धरू नका. एका कोपऱ्यात खुंटी ठोका, एका बाजूवर 3 मीटरवर आणि दुसऱ्या बाजूवर 4 मीटरवर खूण करा. त्या दोन खुणांतलं अंतर बरोबर 5 मीटर आलं की कोन काटकोन. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 66.3 मीटर यायला हवेत. एक जास्त, एक कमी आला तर मैदान तिरकं झालंय.

रेषांना फक्की वापरा, चुना नको. कळीचा चुना घामाच्या कातडीवर आणि डोळ्यांत गेला तर भाजतो.

काळ्या जमिनीचा स्वभाव सर्वांना माहीत आहे: ओली असली की बुटाला किलोभर चिखल, सुकली की पाय अडकेल अशा भेगा. भेगा पडलेल्या जमिनीवर खेळवू नका, घोटा मुरगळतोच. मुरमाचा थर टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्या आणि सुटे गोटे वेचून काढा. अशा मैदानावर घसरून टॅकल करायला पूर्ण बंदी ठेवा; गुडघे आणि मांड्या सोलून निघतात. सामन्याआधी सगळ्या मुलींना एका रांगेत हातभर अंतरावर उभं करून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पार करा. काच, गोटे आणि सराटे त्याच वेळी सापडतात.

गोल बांबूचे चालतात. 3.66 मीटर रुंद, 1.83 मीटर उंच, म्हणजे बारा फूट बाय सहा. उभे बांबू आठ फुटी घ्या, दोन फूट जमिनीत, आणि गाडायच्या भागाला डांबर लावा, नाहीतर वाळवी एका हंगामात खाते. लोखंडी सुटे गोल असतील तर मागच्या पाइपवर वाळूची पोती बांधल्याशिवाय कुणालाही जवळ जाऊ देऊ नका. उलटलेल्या गोलखाली सापडून मुलं दगावल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत.

बॉल आणि बाकी सामान किती लागतं?

चौदा वर्षांखालच्या मुलींना 4 नंबरचा बॉल (घेर 63.5 ते 66 सेंमी), त्यावरच्यांना 5 नंबर (68 ते 70 सेंमी, 410 ते 450 ग्रॅम). लीगसाठी सहा बॉल घ्या. जालंधर-मेरठच्या मालात हाताने शिवलेले मुरमावर जास्त टिकतात. हवा 8.5 ते 15.6 पीएसआय या हद्दीत असावी. कठीण जमिनीवर खालच्या टोकाला, 9-10 वर ठेवा. पंपाची सुई कोरडी घुसवू नका. ओली करून सरळ घाला, नाहीतर वॉल्व्ह आत जातो आणि बॉल कायमचा गेला. बाकी बॉलचा खरा वैरी बाभळीची कुपाटी. गोलमागे कुपाटी असेल तर जुनी जाळी किंवा साड्या बांधून आडोसा करा.

शिनगार्ड सक्तीचे आहेत, पण 72 जोड्या नकोत. एका वेळी चौदा जणी खेळतात. वीस जोड्या लीगच्या मालकीच्या ठेवा आणि फिरवा. मुरमावर लांब स्टडचे बूट घसरतात, बारीक गोट्यांच्या तळाचे टर्फ शूज घ्या. एका संघाला बूट आणि दुसरा अनवाणी असा सामना लावू नका.

पाण्याचे 20 लिटरचे दोन कॅन प्रत्येक सामन्याला. ओआरएस नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

हाफपँट, बांगड्या, मंगळसूत्र यांवरून घरी वाद होतात.

हाफपँटच्या आत त्याच रंगाची लेगिंग नियमात बसते. डोक्यावर स्कार्फही 2014 पासून फिफाला मान्य आहे. तेव्हा कपड्यांवरून एकही मुलगी थांबू नये.

दागिन्यांचं मात्र ठाम आहे. बांगड्या, नथनी, कानातलं, काळी पोत, जोडवी, सगळं उतरवायचं. वर पट्टी चिकटवून चालत नाही, नियमातच तसं लिहिलं आहे. जोडवी बुटात राहिली तर शेजारचं बोट कापतं. लग्न झालेल्या खेळाडूच्या सासूबाईंशी हे हंगामाआधी घरी जाऊन बोला, सामन्याच्या दिवशी रेषेवर उभं राहून नको. उतरवलेलं सगळं ठेवायला नाव लिहिलेल्या कापडी पिशव्या आणि जबाबदार एक बाई ठेवा.

सिकलसेल असलेल्या मुलीने खेळावं का?

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. विदर्भात लीग चालवायची तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा समजा. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक मुलीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. अहवाल मुलगी, घरचे आणि प्रशिक्षक यांच्यापुरताच ठेवा. गावभर झाला तर तिच्या लग्नाच्या बोलण्यांपर्यंत त्रास पोचतो.

एसएस, म्हणजे रुग्ण असलेल्या मुलीने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सामना खेळू नये. तिला खेळापासून तोडू मात्र नका. गुणलेखन, रेफ्रीचं प्रशिक्षण या खऱ्या जागा आहेत. एएस, म्हणजे वाहक मुली खेळू शकतात. त्यांचा सराव हळूहळू वाढवा, उन्हात सलग धावण्याच्या शर्यती लावू नका, मागतील तेव्हा पाणी आणि विश्रांती द्या. ताप किंवा जुलाब असेल त्या दिवशी सामना नाही.

ओळख पक्की असू द्या. गोळा आला तर पोटरी दगडासारखी घट्ट होते आणि मुलगी ओरडते. सिकलसेलच्या त्रासात पाय लटपटून ती खाली बसते, स्नायू तितका घट्ट लागत नाही. तिला ‘ऊठ, पळ’ म्हणू नका. सावली, पाणी आणि लगेच 108.

पाळीच्या दिवसांत खेळावं का?

तिला बरं वाटत असेल तर जरूर खेळावं. पोशाखात पांढरी हाफपँट ठेवू नका. इंग्लंडच्या महिला संघानेही याच कारणाने 2023 मध्ये पांढरी सोडून निळी घेतली. पॅड आणि आडोशाची जागा मैदानावर हवीच. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला नियमित घेतली की दम टिकतो, फक्त सिकलसेलच्या रुग्ण मुलीने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गुडघ्याच्या दुखापती मुलींत जास्त का होतात?

उडी मारून उतरताना किंवा वळताना मुलींचा गुडघा आत झुकण्याचं प्रमाण जास्त असतं आणि आतला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटतो. त्यावर फिफाचा ‘11+’ हा वॉर्मअप आहे: सुमारे 20 मिनिटं, पंधरा व्यायाम, 8 मिनिटं हळू धावणं, 10 मिनिटं ताकद आणि तोल, 2 मिनिटं वेगात धावणं. आठवड्यातून दोनदा तरी केला तर दुखापती खरोखर घटतात. सामान काहीच लागत नाही. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, एवढं समोर उभं राहून बघा.

संघ आलाच नाही तर? रेफ्रीवरून भांडण झालं तर?

पंधरा मिनिटं वाट पाहा, मग 3-0. पण त्या दिवशी आलेल्या संघाला रिकामं पाठवू नका, मिसळून सामना खेळवा. निर्णय मैदानातच अंतिम, तक्रार लेखी आणि फक्त कर्णधाराने द्यायची. गावचे पुढारी रेषेच्या आत येणार नाहीत हे पहिल्याच बैठकीत लिहून सह्या घ्या. सामन्याचा रेफ्री त्या सामन्यात न खेळणाऱ्या गावचा मिळत नसेल, तर नागपूर-कामठीकडे खेळाची जुनी परंपरा आहे, जिल्हा संघटनेमार्फत तिकडून मागवा.

इथून पुढे मुलगी कुठे जाऊ शकते?

दोन वाटा आहेत. पहिली शाळेची: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. सुब्रतो चषकात 2012 पासून मुलींचा गट आहे. त्याची नोंदणी शाळेनेच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात वेळेत करायची. दुसरी क्लबची: क्लब जिल्हा फुटबॉल संघटनेला जोडा, ती मुंबईच्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला जोडलेली असते आणि ती राष्ट्रीय महासंघाला. खेळाडूची नोंद महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन यंत्रणेत होते.

इथे अडतं ते कागदावर. जन्मदाखल्यावर ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैश्नवी’ असं असेल तर नोंदणी लटकते. जून महिन्यातच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा.

शासकीय नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण आणि दहावी-बारावीचे क्रीडागुण ठरलेल्या अधिकृत स्पर्धांवरच मिळतात. तालुका लीगचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही आणि हे पालकांना आधीच सांगणं आपलं कर्तव्य आहे. लीगमुळे मुलगी त्या अधिकृत स्पर्धांच्या निवडीत टिकते, एवढं आश्वासन खरं आहे.

लग्न झालेल्या किंवा शिक्षण सुटलेल्या मुलींचं काय?

त्यांच्यासाठी पाच-पाचचा खुला गट ठेवा, डाव 10-10 मिनिटांचे. त्याच रविवारी, त्याच मैदानावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्याच्या मधे. तान्हं मूल सांभाळायला मैदानाच्या कडेला सावलीत सतरंजी आणि एक आजी लागते. ही सोय नसेल तर हा गट कागदावरच राहतो.

हंगाम संपल्यावर काय जपायचं?

प्रत्येक सामन्याचं गुणपत्रक. तारीख, दोन्ही संघांच्या खेळाडूंची पूर्ण नावं, गोल कुणी कितव्या मिनिटाला केला, कार्ड, दुखापत, रेफ्रीची सही. दोनशे पानी रजिस्टर पुरतं. दोन प्रती ठेवा, एक शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत, आणि पुढच्या वर्षीच्या पाच रविवारांच्या तारखा त्याच रजिस्टरच्या शेवटच्या पानावर हंगामाच्या शेवटच्या दिवशीच लिहून सर्व कर्णधारांच्या सह्या घ्या.